पोरीने पाहिलेलं फूल चूक कसं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलला दोन ओळी सांगितल्या की चित्र तयार, मग खेड्यातल्या पोरांनी पेन्सिल झिजवत का बसावं, असा सवाल कालच्या पुरवणीतल्या लेखात केला आहे. लेखकांचा मान राखून सांगते, त्यांनी फक्त तयार चित्राचा विचार केला. काढताना माणूस समोरची वस्तू किती निरखतो, ते लेखात कुठेच नाही.

माझी नात सातवीत आहे. शाळेने परिसरातल्या पिकाचा प्रकल्प दिला, तशी ती माझ्यासोबत वावरात आली आणि धुऱ्यावर बसून पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, काढू लागली. पानं, पाती, बोंडं झाली. आज उमललेलं फूल पांढरट-पिवळं, कालचं गुलाबी पडलेलं, हेही तिने रंगांनी दाखवलं. एका फुलापाशी मात्र अडली. पाकळ्या एकमेकींत गुरफटलेल्या, उमलायचं नावच नाही. खोडत, पुन्हा काढत तिने ते जसंच्या तसं उतरवलं आणि विचारलं, ''आजी, हे असं पिळल्यासारखं कावून आहे?'' मी ते उकललं तर आत अळी. डोमकळी होती, म्हणजे गुलाबी बोंडअळी आत शिरल्याने न उमललेलं फूल. निंदणाऱ्या बाया त्याच ओळीतून गेल्या होत्या, कुणाच्या नजरेस पडली नव्हती. २०१७ मध्ये या अळीने कपाशीचं काय नुकसान केलं, ते यवतमाळ जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. डोमकळ्या वेळीच दिसल्या, अळीसकट तोडून नष्ट केल्या, तर पुढची बोंडं वाचतात. मोबाइल कपाशीचं सुंदर फूल देईल, आमच्या ओळीतलं हे फूल देणार नाही.

शाळेत त्या चित्रावर लाल फुली पडली. 'फूल असे नसते, नेटवरून प्रिंट काढून चिकटवा.' गावात प्रिंटची सोय नाही, त्यासाठी एसटीने तालुक्याला जायचं. बाकीच्या वह्यांत एकच फूल चिकटवलेलं आहे आणि तिथे बरोबरची खूण आहे. तेव्हापासून पोरीने रंगांना हात लावला नाही. मला याचा फार राग आला आहे.

त्या शाळेत चित्रकलेचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, तास गणिताने घेतला. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला मुलं बसतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. स्मरणचित्रातला आठवडी बाजारही पुस्तकातून पाठ करतात, आणि खरा बाजार शाळेच्या फाटकाबाहेर भरतो!

मी रात्री हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर दिवसभरात पाहिलेलं काहीबाही काढते, बैलाचं वशिंड, मोहाचं झाड, भाकरी थापणारी सून. हात चालत असतो तेव्हा दिवसभराची कटकट निवते, उद्याचं काय ते सुचतं. त्याला ना मार्क लागतात ना रेंज.

आणि एक. तुमच्या रविवारच्या पानावर मुलांच्या चित्रांचा चौकोन असायचा. तिथे आता क्लासेसची जाहिरात येते. तो चौकोन पुन्हा सुरू करा, आणि चित्रं पाठवायची मुदत जरा लांब ठेवा. आमच्या गावात तुमचा पेपर दुपारच्या एसटीने येतो आणि टपाल त्याहून उशिरा निघतं.

– एक कास्तकार वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ