३ आणि ४ ठेवून बघ की

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. गणिताच्या तासाला ज्यांचे हात गार पडतात, त्या मुलामुलींना तुमच्याबद्दल कळावं असं फार वाटतं.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी मी गगनबावड्याकडून एसटीनं कोल्हापूरला यायची. त्याआधी एका शिकवणीत माझं चुकलेलं गणित मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून मी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात सोडवायची. कुणी जवळ आलं तर पटकन खोडता यावं म्हणून.

तुम्ही ती पेन्सिल पाहिलीत, पण तिच्याबद्दल काही बोलला नाहीत. अ वर्ग अधिक ब वर्ग, याचं वर्गमूळ मी सरळ अ अधिक ब लिहिलं होतं. "३ आणि ४ ठेवून बघ की," एवढंच म्हणालात. ९ आणि १६ मिळून २५, त्याचं वर्गमूळ ५. माझ्या रीतीनं मात्र ७ येत होते. मला ते दिसेपर्यंत तुम्ही बाकापाशी थांबलात. मागे चाळीस मुलं होती, तरी घाई केली नाहीत. 'चूक' हा शब्दही तुमच्या तोंडून आला नाही.

आणि तो पावसाळ्यातला तास! पंचगंगा चढत होती, निम्मा वर्ग रिकामा होता, आमचा रस्ता कधी बंद होईल याची मला धास्ती. तुम्ही विकलन, म्हणजे बदलाचा त्या घडीचा वेग काढायची रीत, शिकवायचं ठरवलं होतंत, पण फळ्यावर लिहिलंत राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी. समजा काल संध्याकाळी सहाला ३६ फूट, आज सकाळी सहाला ३८. म्हणजे १२ तासांत २४ इंच, ताशी सरासरी २ इंच. "पण आत्ता, या घडीला किती वेगानं चढतंय?" मग शेवटचे तीन तास घेतले, मग एक तास, मग दहा मिनिटं. काळ लहान लहान करत जाताना सरासरी ज्या आकड्याकडे सरकते, तोच विकलज. पाणी चढतंय पण चढ मंदावलाय, हे ऐकून घरोघरी हायसं का वाटतं, हेही त्याच तासाला कळलं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ असतं. त्याच आकड्यांत आमचं गणित दडलंय, हे तोवर कुणी दाखवलंच नव्हतं.

सरासरी अशी एका आकड्याकडे सरकते, त्या आकड्याला गणितात सीमा म्हणतात; तिची नेमकी व्याख्या आली तेव्हा मी पुन्हा अडले. सलग चार दिवस तास संपल्यावर थांबले, चारही दिवस तोच प्रश्न विचारला. तुम्ही चारही दिवस नव्या आकड्यांनी उत्तर दिलंत. न्यूटन आणि लायब्निझ यांच्यानंतर ती व्याख्या पक्की व्हायला दीडशेहून जास्त वर्षं गेली, असं सांगून म्हणालात, "तुला चार दिवस लागले तर काय झालं?" त्या संध्याकाळी एसटीत मी रडले. किती वर्षांनी कुणीतरी मला वेळ दिला होता.

दुसऱ्या सत्रापासून मी पेनानं लिहू लागले. तुमच्या लक्षात आलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

रविवारी घरी यायचं म्हणते. सोबत चुलतबहीण असेल, बारावीला आहे. तिच्या वहीत परवा पेन्सिल दिसली.

तुमची विद्यार्थिनी