गावदेवीच्या पिंपळाला तीन फूट माती सोडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नवी मुंबईत गेली तीस-बत्तीस वर्षं राहतेय. आमच्या सेक्टरच्या मागे जुनं गावठाण आहे आणि गावठाणाच्या तोंडाशी गावदेवीचं छोटं देऊळ, कौलारू, शेजारी मोठा पिंपळ आणि त्याला दगडी पार. आता देवळाचा जीर्णोद्धार होणारे, चांगलीच गोष्ट आहे, मी स्वतः पावती फाडलीय. पण परवा देवळाबाहेर नवीन कामाचा नकाशा लावला त्यात पिंपळाच्या अगदी बुंध्यापर्यंत ग्रॅनाईट आणि चारी बाजूंनी स्टीलचं रेलिंग दाखवलंय, मातीचा एक तुकडा शिल्लक नाही. तो नकाशा बघून मला एक दुसरं देऊळ आठवलं, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मी मार्च ते मे टोकियोत होते. ती निशी-कासाई भागात राहते, एदोगावा वॉर्डात. तिथे इतके भारतीय आहेत की मेथी-कोथिंबिरीची पण अडचण येत नाही, २०१९ ला तर तिथल्या लोकांनी योगेंद्र पुराणिक या आपल्या मराठी माणसाला वॉर्डाच्या सभागृहात निवडून दिलं होतं. हा भाग मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला त्याचं कारण मात्र वेगळं आहे. समुद्राकडचा बराच पट्टा भरणी टाकून केलेला, मेट्रोचं स्टेशन १९७९ चं, त्याआधी हे सगळे मच्छीमार आणि नोरी म्हणजे ती खायची समुद्री पानं वाळवणारे लोक. आपल्याकडे १९७० ला सिडको आली आणि भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी जाऊन सेक्टर झाले, तसंच. गावं गेली तरी देव तिथेच राहिले, इथे पण आणि तिथे पण.

मोठ्या नातवाला पाळणाघरात सोडून परत येताना एका गल्लीत ते देऊळ लागायचं. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला आठ गाड्यांचं पार्किंग, मध्ये लाल रंगाची तोरी म्हणजे त्यांची कमान, आत जेमतेम आपल्या वन बीएचकेच्या हॉलएवढी जागा. इनारीचं देऊळ. इनारी हा मुळात भाताचा, पिकापाण्याचा देव, पुढे व्यापारी लोकही त्याला भजायला लागले. त्याचं मूळ ठाणं क्योटोतल्या फुशिमीला, सन ७११ पासूनचं सांगतात. दारात दोन दगडी कोल्हे, गळ्यात लाल लाळेरी बांधलेली, एकाच्या तोंडात किल्ली. मला आधी वाटलं कोल्हाच देव आहे, लेक म्हणाली, नाही गं आई, ते देवाचे निरोपे. लांब दांड्याच्या ओगराळ्याने आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग चूळ भरायची, पेटीत नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. नाणं शक्यतो पाच येनचं, कारण पाच येनला ते गो-एन म्हणतात आणि ऋणानुबंधालाही गोएन हाच शब्द. हे मला फार आवडलं, रोज एक नाणं वेगळं काढून ठेवायचे.

पण मला सांगायचंय ते झाडाचं. देवळाच्या कोपऱ्यात कापराचं जुनं झाड होतं, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं. बुंध्याला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर बांधलेला, त्याला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या. तो दोर म्हणजे इथे देवाचा वास आहे अशी खूण. एप्रिल-मेमध्ये हे झाड जुनी पानं टाकतं, लालसर होऊन पडतात, हातात चुरडली की कापराचा वास येतो, आणि त्याच सुमाराला नवी पालवी फुटते, अगदी आपल्या पिंपळासारखं. शेजारच्या एक आजी रोज सकाळी झाडायला यायच्या. फरशीवरची पानं झाडून त्या कचऱ्याच्या पिशवीत भरत नव्हत्या, झाडाच्या बुडाशी लोटायच्या. बुडाशी सगळी उघडी माती, भोवती गुडघ्याएवढं बांबूचं कुंपण, कोणी आत पाय ठेवू नये म्हणून. लेकीने विचारलं तर म्हणाल्या, मुळांवर पाय पडून माती दडपते, मग झाडाला श्वास घेता येत नाही. देवळाच्या हद्दीला दगडी खांब होते, त्यावर देणगीदारांची नावं कोरलेली, आपल्याकडच्या पाट्यांसारखीच, पण जिथे बुंधा फुगत गेला तिथले दोन खांब काढून झाडाला जागा करून दिलीय. नावाचे खांब काढले, झाडाला हात नाही लावला!

त्या देवळात रोजचा पुजारी नव्हता. अशी बरीच लहान देवळं एका पुजाऱ्याकडे असतात आणि रोजची झाडलोट गल्लीतले लोक बघतात. आपल्या गावदेवीचं पण तसंच की, गावच बघतं.

जपानी लोक जन्मतःच शहाणे, असं मला म्हणायचं नाही. १९०६ नंतर तिथल्या सरकारने लहान देवळं मोठ्यात विलीन करायचा सपाटा लावला, काही वर्षांत सत्तर हजारांच्या आसपास देवळं गेली आणि त्यांच्याभोवतीच्या राया, म्हणजे आपल्या देवराया म्हणा ना, तोडून लाकूड विकलं. मिनाकाता कुमागुसू नावाचा निसर्ग अभ्यासक त्याविरुद्ध पेटून उठला, पेपरात लेख लिहिले, मोठमोठ्या माणसांना पत्रं पाठवली, १९१० मध्ये एका सभेत घुसून दंगा केला म्हणून अठरा दिवस कोठडीतही राहिला. शेवटी ते धोरण थांबलं, पण गेलेल्या राया गेल्याच. त्यांनाही झाडं गमावल्यावर कळलंय. आपल्याला त्याआधी कळावं एवढीच माझी तळमळ आहे.

कारण आमच्याकडे हे एकदा घडून गेलंय. तीन पावसाळ्यांपूर्वी पलीकडच्या चौकातला वड रात्रीच्या वाऱ्यात मुळासकट आडवा झाला, खाली उभी असलेली रिक्षा चपटी झाली, नशिबाने आत कोणी नव्हतं. सकाळी मी बघायला गेले. एवढा मोठा वड आणि मुळांचा गोळा कुंडीतल्या झाडासारखा, चौकोनी, काँक्रीटच्या कडेला आपटून परत आत वळलेली मुळं, पेव्हर ब्लॉकची नक्षी त्यांच्यावर उमटलेली. झाडाला पोसणारी बारीक मुळं वरच्या फूट-दोन फूट मातीतच असतात, त्यांना पाणी हवं तशी हवाही हवी, हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. दोन तास हळहळलो आणि मग कटर आला.

देवळाच्या जीर्णोद्धार समितीतल्या लोकांशी मी बोलले, माणसं चांगली आहेत, त्यांची अडचणही खरी आहे. सोमवती अमावस्येला बायका पिंपळाला १०८ प्रदक्षिणा घालतात तेव्हा पावसात चिखल होतो, म्हाताऱ्या घसरतात. मान्य. पण त्यावर उपाय आहे, बुंध्यापासून तीन फूट माती मोकळी सोडा आणि त्याच्या बाहेर प्रदक्षिणेची वाट करा, खाली काँक्रीट न ओतता वाळूवर फटी ठेवून दगड बसवा, पाणी मुरेल आणि पायही घसरणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, एक मीटर म्हणजे तीन फूट आणि वर थोडं. आपल्या राज्यात झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांच्या वरच्या झाडांना हेरिटेज ट्री म्हटलंय. आमचा पिंपळ गावातल्या ऐंशीच्या आज्यांनी त्यांच्या लहानपणी मोठाच बघितलेला आहे.

ज्यांच्या नावाचं ग्रॅनाईट लागणारे त्या देणगीदारांनाही विनंती, तुमचं नाव पारावर नको, देवळाच्या भिंतीवर लावा, तिथे ते जास्त वर्षं टिकेल. आणि स्टीलच्या रेलिंगऐवजी दोन फुटी बांबूचं कुंपण चालेल, बांबूचा खर्च मी द्यायला तयार आहे.

काम दसऱ्यानंतर सुरू होणारे असं कळलंय. त्याआधी ज्यांना यावर बोलायचंय त्यांनी यावं, मी दर रविवारी सकाळी आठला पारावर झाडायला असते.

आपली,
एक वाचक, नवी मुंबई