कात्री धुतलंस काय, असं विचारणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

आज सकाळी मागच्या अंगणात गेले तर कुंपणाच्या मुळाशी पॉयझन आयव्हीचे, म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या इथल्या वेलाचे, तांबूस, तुकतुकीत, तीन-तीन पानांचे कोंब वर आलेले दिसले. गेल्या वर्षीची मी असते तर 'काय गोड पालवी' म्हणत हात लावला असता. आज चार पावलं मागे सरले, घरात आले आणि तुम्हाला लिहायला बसले. सप्टेंबरात तुम्ही वेंगुर्ल्याला परत निघालात तेव्हा विमानतळावरच्या घाईत नुसतं 'थँक्यू काकू' म्हटलं होतं. ते फारच थोडं होतं. हे पत्र इतरांनीही वाचावं असं मला वाटतं. इथे न्यू जर्सीत आपल्यातली बरीच मंडळी आता अंगणाची घरं घेऊ लागली आहेत, आणि माझ्यासारख्या डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या बाईला अंगणातलं काय उपटावं आणि काय उपटू नये हे कुणी शिकवलेलं नसतं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण इतरांसाठी सांगते. मे महिन्यात मेपलच्या खोडावर चढलेला एक वेल मी ओढून काढला. खोडाला धरून ठेवणारी त्याची मुळं इतकी केसाळ, की जुना सुंभ चिकटवून ठेवलाय असं वाटावं. हातमोजे घातले होते, पण आखूड. पुढचे बारा दिवस काहीच झालं नाही. मग एके रात्री मनगटाला खाज सुटली, आणि सकाळी बघते तर बारीक फोडांच्या सरळ रेघा, जणू कुणी ठिपके काढून रांगोळीला सुरुवात केली होती. बारा दिवसांपूर्वीचा वेल कोण लक्षात ठेवतो? मी कपड्यांच्या नव्या साबणाला दोष दिला, मग वांग्याला. पहिल्यांदा त्या वेलाच्या चिकातल्या तेलाशी गाठ पडते तेव्हा शरीराला ते ओळखायलाच आठवडा-दोन आठवडे लागतात. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत अंग पेटतं. हे मला फार उशिरा कळलं.

जूनमध्ये तेच झालं. उरलेली मुळं काढली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपरापर्यंत फोड. 'अर्जंट केअर' म्हणतात त्या घाईच्या दवाखान्यात गेले तर त्यांनी बघताक्षणी 'पॉयझन आयव्ही' म्हटलं आणि सहा दिवसांच्या गोळ्यांचं पाकीट हातात दिलं. सहा दिवस स्वर्ग. नवव्या दिवशी दुप्पट. पुढे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की या तेलावर शरीराचा राग दोन-तीन आठवडे धुमसत असतो. सहा दिवसांत गोळ्या थांबवल्या की झाकण काढल्यासारखा तो पुन्हा उतू जातो. त्यांनी एकवीस दिवसांचा कोर्स दिला, हळूहळू कमी करत नेणारा, आणि फोड बसले. ते श्रेय त्यांचंच, काकू. मी लावलेल्या आंबेहळदीचं नव्हे. (राग मानू नका. हळदीनं फक्त माझे उशीचे अभ्रे पिवळे झाले.)

पण जुलै अखेरीला पुन्हा! आणि या वेळी मी कुंपणाकडे फिरकलेही नव्हते. तोवर घरात अस्पृश्यता सुरू झाली होती. टॉवेल वेगळा, नवरा दुसऱ्या खोलीत, पोळ्या बाहेरून, कारण फोडातली लस लागेल तिथे हे पसरतं अशी माझी ठाम समजूत. रोज एक नवी जागा फुटायची. आज मनगट, परवा पोट, तेरवा गुडघ्यामागे. पसरतंय असं न वाटेल तर काय? मी फक्त कुंडीतला कढीपत्ता छाटला होता, म्हणून त्याच्यावर आळ आला. आठ वर्षं हिवाळ्यात घरात, उन्हाळ्यात बाहेर असं लेकरासारखं जपलेलं झाड फेकून द्यायला निघाले होते मी.

त्याच आठवड्यात मैत्रिणीनं तुम्हाला, म्हणजे तिच्या सासूबाईंना, चहाला आणलं. तुम्ही कप खाली ठेवलात, माझा हात फोडांना न लागता कोपराखाली धरलात, खिडकीच्या उजेडाकडे वळवलात आणि म्हणालात, "गो बाय, ह्या आमच्या काजीसारख्याच दिसता."

मला वाटलं होतं तुम्ही दृष्ट काढा म्हणाल. (तीही काढलीत नंतर, मीठमोहऱ्यांनी, पण 'गोळ्यो सोडू नको' असं बजावून.) तुम्ही मात्र सांगायला लागलात की ओल्या काजूगरांसाठी हिरव्या बिया चिरताना सालीतला चीक लागतो, हाताची कातडी सोलून निघते, म्हणून बायका आधी हाताला तेल नाहीतर राख चोळतात. लहानपणी तुमच्या थोरल्या बहिणीनं बिया चिरलेली कोयती तशीच ठेवली, आणि दोन दिवसांनी तीच घेऊन भाजी चिरायला बसलेल्या आजीचे हात सुजले. एवढं सांगून तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

"हात धुतलंस. कात्री धुतलंस काय?"

काकू, तीन डॉक्टर झाले होते. त्यांनी मला वेलापासून लांब राहा म्हणून सांगितलं, आणि मी लांब राहिलेही. पण कात्री कुणी विचारली नव्हती. मेमध्ये वेल कापलेली, जूनमध्ये मुळं कापलेली, आणि जुलैत तिनंच कढीपत्ता!

त्यानंतरचा तास मी विसरणार नाही. तुम्ही ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या हातांवर चढवल्यात, मनगटाला रबर लावलंत, पदर खोचलात आणि गॅरेजमध्ये वर्तमानपत्र अंथरून एकेक वस्तू मागवलीत. झाडं छाटायची कात्री. खुरपं. बागेतले बूट. हातमोजे बघून नुसतं 'शी' म्हणालात आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकलेत. कात्रीच्या नारिंगी मुठीवर, जिथे अंगठा टेकतो तिथे, एक काळपट डाग होता. मी तो गंज समजत होते. तुम्ही म्हणालात, प्लास्टिकला कधी गंज चढतो? तो वेलाचा वाळलेला चीक होता. हवेत काळा पडतो, बिब्ब्याचा पडतो तसाच. भांड्यांचा साबण, गार पाणी आणि काथ्या घेऊन तुम्ही ती तीनदा घासलीत. मग बुटांच्या नाड्या काढायला लावल्यात. नाड्या! त्या मी रोज बांधत होते आणि त्याच हातांनी गुडघ्यामागे खाजवत होते.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या काकू बरोबर आहेत. पॉयझन आयव्ही, काजू, बिब्बा आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली, आणि त्यांचे चीक एकमेकांचे नातलग. पॉयझन आयव्हीतल्या तेलाला उरुशिऑल म्हणतात, जपानी लाखकामाच्या 'उरुशी' शब्दावरून, कारण तो लाखेचा चीकही याच कुळातल्या झाडाचा. हे तेल हत्यारांवर, कपड्यांवर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतं. आणि फोडातल्या लशीत ते नसतं, त्यामुळे कुणाला माझ्यापासून काही लागणार नाही. जिथे तेल कमी लागलं किंवा कातडी जाड, तिथे पुरळ उशिरा उठतं. म्हणून ते पसरल्यासारखं वाटतं, इतकंच. नवऱ्याला खोलीत परत घेतलं. पोळ्याही घरी सुरू झाल्या.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यासाठी तर तुमचे पायच धरायला हवेत. उपटलेल्या वेलाचा भारा कुंपणाशी वाळत पडला होता आणि नवरा रविवारी तो जाळायला निघाला होता. तुम्ही चहा पिता पिता विचारलंत, "जाळतलास? काजी भाजतत तेच्या धुरात कोण उभ्या ऱ्हवता काय?" तो भारा मग काळ्या पिशव्यांत बांधून कचऱ्यात गेला. हा वेल जाळला तर धुराबरोबर तेल छातीत जातं आणि माणसाला हॉस्पिटलात न्यावं लागतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो अजून तुमचं नाव काढलं की आवाज खाली आणतो.

आता मी शहाणी झाले आहे. मधलं पान लांब देठाचं, बाजूची दोन जवळजवळ देठाशिवाय, हे लांबूनच ओळखते. पाच पानांचा वेल दिसला तर तो दुसरा, गरीब, त्याला राहू देते. मैत्रीण म्हणते बेलासारखंच दिसतं की हे. मी तिला सांगून ठेवलंय, श्रावणात इथल्या अंगणातलं काही महादेवाला वाहू नकोस. पान लागलंच तर दहा मिनिटांच्या आत भांड्यांचा साबण आणि गार पाण्यानं घासून धुते, कारण नंतर धुवून फारसा उपयोग नसतो. कात्री तर न चुकता धुते, वापरली नसली तरी. कढीपत्ता मजेत आहे. यंदा त्याला बाजूनं दोन फुटवे आलेत. पुढच्या वेळी याल तेव्हा एक तुमच्या सुनेकडे लावून देते.

एक दुःख मात्र आहे. मागच्या आठवड्यात इथे हापूसची पेटी मिळाली. लहानपणीसारखा चोखून खाल्ला आणि दोन दिवसांनी ओठांभोवती तेच पुरळ. सालीतला चीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर चालेल, साल नको, आणि सोलायचंही दुसऱ्या कुणीतरी. कोकणातल्या माणसाला हे सांगताना मला लाज वाटते. पण आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात वेंगुर्ल्याला येतोय, तेव्हा माझ्या वाटणीचे आंबे तुम्हीच सोलून, फोडी करून ताटलीत ठेवा. आणि सुरी धुवा हं, काकू.

तुमची,
कात्रीवाली