शिऱ्यास, नागपूरला येण्याआधी

सांगली, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शिऱ्या,

तुझे सात फोन येऊन गेले. सातही वेळा मोबाइल हातात होता आणि मी तो वाजू दिला. पत्रिका मिळाली, सोबतचा पेढ्यांचा पुडाही मिळाला, तरी तुला 'पोचलं' एवढं तीन अक्षरी कळवणं माझ्याच्यानं झालं नाही. पोरीच्या लग्नाला बोलावणाऱ्या मित्राशी असं कुणी वागतं का? कारण सांगतो. मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे.

१ सप्टेंबरपासून मी सिगारेट सोडली आहे. आज ७० वा दिवस. आणि म्हणूनच मला तुझा फोन घेता येत नाही.

इतकी वर्षं तुझा फोन आला की मी आधी गॅलरीत जायचो, पेटवायचो आणि मगच 'बोल बे' म्हणायचो. तिकडं तुझ्याही काडीचा आवाज यायचा. पहिला झुरका होईपर्यंत दोघंही गप्प. आता स्क्रीनवर तुझं नाव दिसलं की हात आपोआप शर्टाच्या खिशाकडं जातो. घरच्या कुणाच्या फोनला होत नाही, गिऱ्हाइकांच्या फोनला होत नाही, बँकेच्या फोनलासुद्धा होत नाही. फक्त तुझ्याच.

तब्येत ठीक आहे. खोकला जात नव्हता, नळीत फुंकायची तपासणी झाली, फुप्फुसं वयाच्या मानानं थकलेली निघाली. शुगर आहे तशीच. बाकी काही नाही.

मिरजेचे छातीचे डॉक्टर तुला आवडतील, उपदेश करत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी किती वेळा सोडली?" मी म्हणालो, पाच. "मग तुम्हाला सोडता येते. टिकवायला मदत लागते एवढंच." शिऱ्या, आजवर प्रत्येकानं मला 'मनाचा निग्रह हवा' असं ऐकवलं. बापानं, सासऱ्यानं, तूसुद्धा. हा पहिला माणूस, ज्यानं माझ्या मनाला दोष न देता कागदावर औषध लिहून दिलं.

गोळीचं नाव व्हॅरेनिक्लिन. ती काय करते ते त्यांनी फार छान सांगितलं. मेंदूत निकोटिनच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तशी ही गोळी तिथं आधीच जाऊन बसते. थोडं समाधान तीच देते, त्यामुळं तलफ खवळत नाही. वरून सिगारेट ओढली तरी त्या निकोटिनला उभ्यानंच प्रवास करावा लागतो. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, पुढचे चार दिवस तीच दोन वेळा, आठव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एकेक मिलिग्रॅम. एकूण १२ आठवडे. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. मी एकदा सकाळी नुसत्या चहावर घेतली तर कुपवाडला वर्कशॉपच्या दारातच ओकलो.

२५ ऑगस्टला सुरू केली, गणपतीच्या दोन दिवस आधी. पहिल्या आठवड्यात सिगारेट चालू ठेवायची मुभा असते. सहाव्या दिवशी रात्री आरती झाल्यावर चौकात जाऊन एक ओढली. काहीच झालं नाही, शिऱ्या. धूर आत गेला, बाहेर आला. ओला पुठ्ठा जाळल्यासारखी चव. अर्धी टाकून दिली. औषध लागू पडत होतं, मला आनंद व्हायला हवा होता. पण पोटात खड्डा पडला. ओळखीच्या घराचं दार वाजवावं आणि आतून परक्या माणसानं उघडावं, तसं झालं. हे घरी सांगितलं असतं तर त्यांनी देवापुढं साखर ठेवली असती. गौरी जेवल्या त्या दिवसापासून पूर्ण बंद.

तुझ्या वहिनीनं मध्येच घोळ घातला. तिनं कुठंतरी वाचलं की या गोळीनं माणसाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात. स्ट्रिप तांदळाच्या डब्यात लपवून ठेवली. तिला घेऊन डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, अमेरिकेत २००९ साली तसा ठळक इशारा छापायला लावला होता हे खरं. पुढं आठ हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा गोळी न घेणाऱ्यांच्या मानानं धोका फारसा वाढलेला दिसला नाही, आणि २०१६ मध्ये तो इशारा काढून टाकला. तरीही त्यांनी तिलाच कामाला लावलं: हे गप्प गप्प राहू लागले, विनाकारण चिडू लागले तर मला लगेच फोन करा. तेव्हापासून ती रोज रात्री माझा चेहरा वाचते. चहा निम्मा केलाय, कारण धूर बंद झाला की चहातलं कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं म्हणे. हातात कपही नाही, सिगारेटही नाही. सकाळी अकरा वाजता या हातांचं काय करायचं ते कळत नाही.

आणि स्वप्नं. या औषधानं स्वप्नं फार लख्ख पडतात, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण गेलेला पक्या येईल हे नव्हतं सांगितलं.

गेल्या मंगळवारी आला. आयर्विन पूल, खाली कृष्णा दुथडी भरलेली, पक्या कठड्याला टेकून उभा. तीच बॉटल ग्रीन पँट. हातात ड्रॉइंगची स्केल, आणि सिगारेटवर पेन्सिलीनं त्या दोन खुणा! एका सिगारेटचे तीन सारखे भाग. (तू नेहमी खुणेच्या पुढं एक झुरका मारायचास. 'खूणच चुकीची पडलीय बे' म्हणून भांडायचास. इंजिनिअरिंग ड्रॉइंगला तुझ्यापेक्षा पक्याला जास्त मार्क होते हे विसरू नकोस.) त्यानं स्वतःचा भाग ओढला, माझ्याकडं दिली, म्हणाला, "शिऱ्या कुठाय? त्याचा वाटा विझेल." मी ओढली. आणि चव तीच होती रे, फर्स्ट इयरची. जागेपणी गोळीनं नेलेली सगळी चव त्या एका झुरक्यात होती. उठलो तेव्हा रडत होतो. बोटांचा वास घेऊन पाहिला. साबणाचा आला. पुन्हा झोपलो नाही.

त्याला पोचवून आपण अमरधामच्या गेटबाहेर आलो, आणि एकाच काडीवर दोघांनी पेटवली. ज्यानं तो गेला तेच. तू म्हणालास, "आज तरी नको होती." मी म्हणालो, "आज नाही तर कधी?" त्या उत्तराची मला इतकी वर्षं लाज वाटते, हे आज लिहून टाकतो.

आता खरी गोष्ट. स्ट्रिपमध्ये १४ गोळ्या उरल्यात. पुढच्या रविवारी संपतील. गरज वाटली तर आणखी १२ आठवडे देता येतं असं डॉक्टर म्हणालेत, ठरवलेलं नाही. मला गोळ्या संपायची भीती आहेच. चौकातल्या टपरीची मात्र नाही. २०२० पासून राज्यात सुट्टी सिगारेट विकायला बंदी आहे, तो अजूनही विकतो, आणि मी त्याच्यासमोरून रोज मान वर करून जातो. भीती आहे ती तुझ्या गच्चीची. लग्नाची गडबड संपेल, मांडववाले सामान आवरत असतील, तू पायऱ्यांकडं मानेनं खूण करशील. आपण वर जाऊ. आणि मग? सिगारेटीशिवाय तू आणि मी कधी बसलोय का रे? मला एकही आठवण सापडत नाही. रात्री पडल्या पडल्या शोधतो. मेसमध्ये? बाहेर येऊन पेटवायचोच. तुझे वडील गेले तेव्हा? जिन्यात. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या दारात तर रात्रभर. आपल्यात जे काही आहे ते त्या धुरावरच उभं असेल, तर मी ७० दिवस माझ्याच हातानं तुला खणून काढतोय, असं वाटतं. म्हणून फोन घेतला नाही. फोनवर ती पहिली शांतता आली असती आणि तिच्यात भरायला माझ्याकडं काही नव्हतं.

मागं मी एकदा सोडली होती, ११ दिवस, आणि रोज तुला प्रवचन दिलं होतं. तू म्हणालास, पुन्हा उपदेश केलास तर मैत्री संपली. बाराव्या दिवशी तुलाच फोन लावून मी पेटवली. तू हसलास, आणि मला त्या हसण्याचा राग आला. तीन महिने बोललो नाही. आठवतंय ना? या वेळी तुला 'सोड' म्हणणार नाही. पण एक मागतो, आणि आजवर तुझ्याकडं असं काही मागितलेलं नाही: त्या रात्री गच्चीवर माझ्यासमोर ओढू नकोस. आधी लिहिणार होतो की तू ओढ, मी नुसता बसेन. ते खोटं ठरलं असतं. मला जमणार नाही.

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं? चालतात का आता? आणि पोरगी लग्नानंतर नोकरी तिकडंच करणार की जावई इकडं येणार? बदलीचं काय झालं तेही लिही. अहेर वगैरे मी तुझ्या वहिनीवर सोपवलंय, तू मध्ये पडू नकोस.

आम्ही दोघं लग्नाच्या आदल्या दिवशी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पोचतो. भडंग आणतोय, जयसिंगपूरचं, तीन किलो. आणि पक्याचा पितळी लायटर. हो, माझ्याकडंच होता. तू त्याच्या दिवसांत विचारलास तेव्हा मी खोटं बोललो. आतली वात आणि कापूस काढून टाकलाय, साबणाच्या पाण्यानं धुतलाय, नुसतं झाकण वाजतं. तोच आवाज, टक्. गच्चीवर गप्प बसायची वेळ आली तर ते वाजवत बसू.

या रविवारी फोन कर. उचलेन.

तुझा,
नंदू