स्टँड वर आहे, पण गाडी म्हणते खाली आहे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: १२५ सीसी गाडीच्या साइड स्टँड सेन्सरचं वॉरंटी काम नाकारल्याबद्दल

साहेब नमस्कार,

हे माझं तिसरं पत्र आहे. आधीच्या दोन पत्रांवर "आपली तक्रार नोंदवली आहे" असा मेसेज आला आणि नंतर सगळं चिडीचूप, म्हणून या वेळी जरा लांब लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, धंदा मोटरपंप दुरुस्तीचा. गाडी २०२३ च्या दसऱ्याला घेतली, ३१ हजार किलोमीटर झाले, वॉरंटी तुमचीच पाच वर्षांची, आणि सगळ्या सर्व्हिसिंग तुमच्याच सेंटरला केल्या, बिलं जोडली आहेत. मागच्या सीटवर पान्याची पेटी, दोरखंड, कधी एखादी जळालेली मोटर असं घेऊन बाराही महिने फिरतो. आमच्या कामाला सिझन नसतो, ज्याची मोटर बंद पडली तो फोन करतो आणि मी निघतो.

आता जुलैची गोष्ट. तीन दिवसांपासून झड लागली होती, सूर्य काही दिसला नव्हता, आणि शेजारच्या गावच्या नळयोजनेची मोटर बसली. गावाला दोन दिवस पाणी नाही (बाहेर धो धो पाऊस अन् नळाला थेंब नाही, असं आमच्याकडे होते), तर सरपंचाचा फोन आला, गेलो, काम करून निघायला रात्रीचे नऊ वाजले. विहीर गावाबाहेर, मधे दीड किलोमीटर पांधण रस्ता, म्हणजे शेतातून जाणारी कच्ची वाट. आमची काळी माती तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच गुळासारखी चिकटते, चाकाला एक थर बसला की त्यावर दुसरा बसतो आणि मडगार्ड अन् टायरच्या मधे ती अशी ठासून भरते की चाक फिरतच नाही. तुमच्या गाडीत तिथं दोन बोटं पण जागा नाही. म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक गाडीला एक तुराटीचा तुकडा बांधलेला दिसेल, उतरायचं, माती खरडायची, पन्नास पावलं जायचं, परत उतरायचं. त्याची मला सवय आहे, त्याबद्दल मी आजवर चकार शब्द काढला नाही.

पण त्या रात्री माती खरडायला स्टँड लावलं, खरडून झाल्यावर स्टँड वर केलं, गिअर टाकला आणि गाडी बंद. परत सेल्फ मारला, गिअर टाकला, परत बंद. स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद करायचं, हे त्या सेन्सरचं काम, आणि मीटरवर स्टँडचा लाल लाइट चालूच. स्टँड तर वर आहे, मी हातानं चाचपून पाहिलं, पण गाडी म्हणते खाली आहे! टॉर्च लावून पाहिलं तर सेन्सरच्या जागी चिखलाचा गोळा, तो काढला, बाटलीतल्या पाण्यानं धुतला, तरी तेच. मग कपलर, म्हणजे सेन्सरच्या वायरी जिथं जोडतात तो प्लग, खोलला तर आत पाणी आणि पिनांवर हिरवा गंज चढलेला. म्हणजे तो गंज त्या रात्रीचा नाही, आधीपासून पाणी शिरत होतं.

मी तिथंच दोन वायरी जोडून सेन्सर बायपास केला आणि घरी आलो. हे मी सेंटरला स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. तिथल्या सुपरवायझरनं जॉबकार्डवर लिहिलं "वायरिंगमध्ये छेडछाड, गाडी चिखलात चालवली, गैरवापर" आणि वॉरंटी रिजेक्ट, सेन्सर आणि वायरिंगचे मिळून ३,४६० रुपये लावले. मी म्हटलं भाऊ, मग मी काय करायला पाहिजे होतं? तर म्हणे रोडसाइड असिस्टन्सला फोन करायचा. आता टिपेश्वरचं जंगल जवळ, रस्त्यानं रानडुकरं फिरतात, वाघाची भीती आहेच, मोबाइलला एक काडी रेंज नाही, आणि ज्या पांधणीत बैल फसतो तिथं तुमची पिकअप येणार होती का?

साहेब, मी अडाणी माणूस नाही, वायरीचंच काम करतो. सबमर्सिबल मोटरच्या केबलचा जोड मी स्वतः मारतो, आधी रबरी टेप, वरून पीव्हीसी टेप, आणि तो जोड अडीचशे फूट खोल बोअरच्या पाण्यात सोडून देतो, चारशे व्होल्टचा करंट त्यातून जातो आणि तो जोड सात-सात वर्षं पाण्यात राहून काढताना जसाच्या तसा निघतो. टेप शे-दीडशे रुपयांची. आणि तुमच्या लाखाच्या गाडीचा बारा व्होल्टचा कपलर चाकाच्या शिंतोड्यानं मरते, मग यात गैरवापर कोणाचा झाला ते तुमच्या इंजिनिअरला विचारा.

खोटं लिहिणार नाही, उन्हाळ्यात गाडीनं कधी त्रास दिला नाही. नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते, डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा घेऊन मी भर दुपारी फिरलो पण इंजिन एकदाही गचकलं नाही. सीट तेवढी तव्यासारखी तापते, त्यावर ओलं पोतं टाकतो, चालून जाते.

हिवाळ्याचं मात्र सांगायचं आहे. रब्बीत हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताला थ्री फेज लाइन पाळीपाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि रात्रीची लाइन असली की मोटरी रात्रीच बंद पडतात. जानेवारीत पहाटे अडीचला एका वावरातून निघालो तर बॅटरी बसलेली, सेल्फ टक टक करून गप्प. जुन्या गाडीला किक होती, यात तुम्ही किकच दिली नाही. शेतकऱ्यानं अन् त्याच्या पोरानं धक्का मारला, पण ही फ्युएल इंजेक्शनची गाडी, फ्युएल पंपालाच करंट नसल्यावर धक्क्यानं काय होणार. सकाळपर्यंत तुराट्यांची शेकोटी करून धुऱ्यावर बसलो. २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला, कार्ब्युरेटर गेला, ते सरकारचं ठीक आहे, पण किक काढायला कोणी सांगितलं होतं? किती पैसे वाचले त्यात?

चेन कव्हरचं पण तेच, अर्धं प्लास्टिक दिसायला छान दिसते पण सगळा गारा चेनमध्ये जाते. वडिलांच्या जुन्या गाडीला पूर्ण बंद पत्र्याचं कव्हर होतं, तिची चेन कधी बदलली ते घरात कोणालाच आठवत नाही.

तर माझं मागणं एवढंच. सेन्सर आणि कपलरचं काम वॉरंटीत धरा, घेतलेले ३,४६० रुपये परत करा, आणि जॉबकार्डवरचा "गैरवापर" हा शब्द खोडा, कारण तो तसाच राहिला तर पुढच्या प्रत्येक कामाला हेच कारण सांगतील. पांधणीनं जाणं म्हणजे गैरवापर असेल तर तसं शोरूमच्या बोर्डावर लिहा, आमच्या तालुक्यात एक गाडी विकून दाखवा मग. जाहिरातीत तर तुम्हीच गाडी हिरव्या शेतातून उडवता.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकीन आणि मग यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात केस टाकता येते, पाच लाखापर्यंतच्या मालाला फी नाही, आणि पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असली तरी तो ग्राहकच असतो, एवढं मी विचारून ठेवलं आहे.

जॉबकार्ड, बिल आणि गंजलेल्या पिनांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक

ता. क. फोन करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर करा. दिवसा मी विहिरीत असतो, खाली रेंज नसते.