नवं पिस्तूल कसं चालतंय

बालेवाडी, पुणे

ती. बाबा व सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

आई, माझ्या नव्या स्पर्धेच्या पिस्तुलाला ‘सेमी-ऑटोमॅटिक’ म्हणतात, या शब्दाचीच तुला धास्ती वाटते, म्हणून आधी तेच सांगते. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. काडतुसातल्या वायूच्या दाबाने बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता भाग, मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि परत येणारा बोल्ट पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या खोबणीत, सरकवतो. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतांनी 2018 च्या आशियाई खेळांत पालेमबांगला 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, तो प्रकार .22 (इंचात गोळीची जाडी) च्या अशाच पिस्तुलाचा. त्यातल्या रॅपिड, म्हणजे झटपट नेमाच्या टप्प्यात प्रत्येक गोळीला लक्ष्य 3 सेकंद मिळतं, मग 7 सेकंद थांबायचं. तेवढ्यात पकड मोडून हाताने काडतूस भरत बसणं परवडत नाही.

पहिल्या 250 गोळ्यांत पिस्तूल मनापासून आवडलं. नळी हाताच्या अगदी जवळ, खाली बसवलेली आहे, त्यामुळे झटका सरळ मागे येतो आणि तोंड फारसं उडत नाही. मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असल्याने वजन पुढे झुकतं. ते स्थिर वाटतं, पण 45 अंशांवरून हात वर आणताना खांदा लवकर भरतो. गोळ्या डावीकडे खाली पण एकत्र पडत होत्या. नेम धरायची मागची साइट वर आणि उजवीकडे घेतल्यावर त्या मधे आल्या.

तीनदा अडलं, तिन्ही वेळा पुंगळी बाहेर पडायच्या फटीतच उभी अडकली. तिन्ही काडतुसं एकाच, कमी दाबाच्या लॉटमधली होती. दाब कमी पडला की बोल्ट पुरता मागे जात नाही. दुसऱ्या लॉटच्या 100 गोळ्या एकदाही न अडकता गेल्या, म्हणजे दोष पिस्तुलाचा नाही. मॅगझिन भरताना मात्र वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढेच हवी, नाहीतर कडा एकमेकींत अडकतात. सामन्यात अडलं तर बोल्टला हात लावायचा नाही. तोंड लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्यांना बोलवायचं.

ट्रिगर सुटायला किमान 1000 ग्रॅमचा भार लागला पाहिजे, असा नियम आहे. मी 1030 वर लावलाय. काट्यावर बरोबर 1000 ठेवलं आणि स्प्रिंग जराशी बसली, की तपासणीत वजन उचललं जात नाही आणि पिस्तूल परत येतं.

बाबा, साफसफाईचं तुम्ही विचारलंत. .22 च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. ते आणि काजळी चेंबरच्या तोंडाशी साचतात. दर 250-300 गोळ्यांनी तेवढा भाग पुसते. तेल बोल्टच्या घसरपट्टीवर एक थेंब, चेंबर कोरडं. जास्त तेलात काजळी मिसळून चिकट राळ होते. आई, शिसं हाताला लागतं, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडत नाही. कानाला मफ्स, डोळ्याला चष्मा कायम. दिवाळीला मी एकटीच येईन, पिस्तूल इथल्या आर्मरीत, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीतच राहील.

एक काम आहे. मूठ लाकडाची आहे आणि अंगठ्याखालचा उंचवटा टोचतो, त्यामुळे पकड आवळली जाऊन हात थरथरतो. तो एकेक मिलिमीटर घासायचाय, कारण एकदा घासलेलं लाकूड परत येत नाही. बाबा, 120 आणि 240 नंबरचे पॉलिश पेपर चार-चार पाठवा, आणि लाकडात भरायची थोडी लांबीही (पुट्टी).

तुमची,
लेक