विहिरीत कुणालाही उतरू न देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या विहिरीत नवी मोटर बसवलीत, मजुरी मोजून घेतलीत आणि निघालात. नीट आभार मानायचे राहूनच गेले. ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र.

आमचं घर बोरिवलीच्या एक्सर गावठाणातलं. विहीर आजेसासऱ्यांनी बांधलेली, आठ फूट व्यासाची. प्यायला पालिकेचं पाणी, पण धुणी-भांडी, मोरी आणि अंगणातली झाडं सगळी विहिरीवर. २०२४च्या उन्हाळ्यात तलाव आटले, ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात लागू झाली आणि नेमका त्याच सुमारास ओट्यावरचा जुना मोनोब्लॉक, म्हणजे काठावरून पाणी खेचणारा पंप, हवा धरायला लागला. दर सकाळी विहिरीत सोडलेल्या पाइपात बादलीने पाणी ओतायचं, पंप दोन मिनिटं चालायचा आणि पुन्हा नुसता घरघरायचा.

तुम्ही आलात आणि पंपाला हातही न लावता आधी सुतळीला गाठी मारायला बसलात. दर फुटाला एक गाठ, टोकाला दगड. पाणी ओट्यापासून चोवीस फुटांवर निघालं. मग सासूबाईंना सांगितलंत, "आजी, पंप पाणी वढत न्हाई. हवेचा दाब त्याला वर ढकलतोय. त्यो दाब हिशेबानं तेहतीस-चौतीस फुटांचा, पर खरं बघाल तर वीस-बावीस फुटांवरच दम सुटतोय." इतकी वर्षं पंप वापरूनही हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यातच बसून खालून वर ढकलणारी मोटर का हवी, हे त्या एका वाक्यात सगळ्या घराला कळलं.

दुकानात आम्हाला दोन एचपीची मोटर घ्या म्हणून सांगितलं होतं. तुम्ही स्वतःचा छोटा पंप विहिरीत सोडून तासभर पाणी उपसलंत, तो बंद केलात आणि सुतळी धरून बसून राहिलात. तासाभरात पाणी अर्धा फूट चढलं. आमच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण चौदाशे लिटर. म्हणजे मे-जूनमध्ये झरे ताशी सातशे लिटरच देतात. "मोठी मोटर हिरीला कोरडी करंल आन् सोता जळंल," असं म्हणून तुम्ही एक एचपीची ओपनवेल, म्हणजे उघड्या विहिरीत बुडवून ठेवायची मोटर, सुचवलीत. बोअरची उभी मोटर उघड्या विहिरीत तशीच का सोडायची नाही, तेही सांगितलंत: तिच्या अंगावरून पाणी वाहत राहिलं तरच ती थंड राहते, आणि रुंद विहिरीत पाणी तिला वळसा घालून वरच्या तोंडात शिरतं. महाग मोटर खपवून तुम्हाला चार पैसे जास्त मिळाले असते. तुम्ही तो विषयसुद्धा काढला नाहीत.

पण हे पत्र खरं तर पुढच्या प्रसंगासाठी आहे. तळाचा गाळ बघून येतो म्हणून आमचा पुतण्या शर्ट काढून कठड्यावर चढला होता. पोहणारा मुलगा, विहिरीच्या पायऱ्या पाठ असलेला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्ही त्याचं मनगट धरलंत आणि ओरडलात. मग कंदील पेटवून दोरीने खाली सोडलात. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पंधराएक फुटांपर्यंत ज्योत सरळ होती, मग ती बारीक झाली, निळसर झाली आणि पाण्याला टेकायच्या आधीच विझली. कुणाच्या तोंडून शब्द निघेना. पुतण्या गुपचूप कठड्यावरून अंगणात उतरला. पोरगं तिथवर गेलं असतं तर चक्कर येऊन पडलं असतं, आणि त्याला काढायला उडी मारणारा दुसराही गेला असता, हे तुम्ही हळू आवाजात त्याच्या आईला सांगितलंत. वर हेही बजावलंत की कंदील जळत राहिला तरी विषारी वायू नाहीच असं धरून चालायचं नाही.

काका, त्या एका ओरडण्याचे उपकार आमच्याच्यानं फिटायचे नाहीत.

पुढचं सगळं काम तुम्ही काठावरूनच केलंत. मोटरीखाली लोखंडी घोडी बोल्टने आवळून घेतलीत, म्हणजे ती गाळापासून दीड फूट वर राहील. सोडण्याआधी मोटरीत स्वच्छ पाणी भरून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिलीत. नायलॉनचा दोर वेगळा, काळा पाइप वेगळा, आणि केबलवर वजनाचा गुंजभरही ताण नाही. तुमच्या मदतनिसाने केबल धरून मोटर जरा सरकवायला घेतली तेव्हा त्याचा हात तुम्ही झटकलात ते मला अजून दिसतंय. वर पाणी उलटं येऊ न देणारी झडप (एनआरव्ही), पॅनेलमध्ये पाणी संपलं की मोटर बंद करणारं यंत्र, नवीन अर्थिंग आणि वीज गळाली की लगेच ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्याचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं आहे, आणि त्या ते चुकवत नाहीत.

झाकणातून पाइप जिथे आत जातो ती फटसुद्धा तुम्ही बुजवलीत. मुंबईत मलेरियाचे डास विहिरींत होतात, पालिकेची माणसं झाकण बघायला येतात, हे तुमच्या ध्यानात होतं. गप्पी मासे आहेत ना, हेही जाताजाता विचारलंत.

टाकी आता सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा भरतो, मध्ये विहिरीला भरायला वेळ देतो. गोराईची खाडी जवळ आहे, सतत उपसा केला तर पाणी मचूळ होईल, हे तुमचं सांगणं आम्ही पाळतो. पाणी अजून गोड आहे.

गल्लीत आणखी दोन घरी विहिरी आहेत. त्यांना तुमचं नाव सांगितलं आहे, आणि मिस्त्री येईपर्यंत आत कुणी उतरू नका असंही. ते बोलावतील तेव्हा काम संपवून परस्पर जाऊ नका. सासूबाईंनी निरोप दिला आहे, जेवायला आमच्याकडेच यायचं.

आपली,
एक्सर गावठाणातली वहिनी